बिननावी कुलपं आणि लिनक्सची मेमरी

९ जून १९९६ रोजी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची २.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. एकापेक्षा जास्त प्रोसेसर असलेल्या संगणकावर चालणारी ही लिनक्सची पहिली स्थिर आवृत्ती. त्यामागचं काम मुख्यत्वे ॲलन कॉक्स यांचं होतं आणि काल्डेरा या कंपनीने त्याला पाठबळ दिलं होतं. एका प्रोसेसरसाठी लिहिलेला कोड अचानक दोन-चार प्रोसेसरच्या हाती दिला की सगळीकडे पडझड होणार, हे कॉक्स जाणून होते. त्यांनी सर्वांत सुरक्षित मार्ग निवडला आणि अख्ख्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एकच कुलूप लावलं. एक प्रोसेसर कर्नलमध्ये शिरला की बाकीच्यांनी दारात थांबायचं. या कुलपाला ‘बिग कर्नल लॉक’ असं नाव पडलं.

या थोरल्या कुलपाने लिनक्सला वेळ मिळवून दिला, पण ते काढायला पुढे पंधरा वर्षं लागली. २.२ आणि २.४ या आवृत्त्यांमध्ये त्याचे तुकडे पडत गेले. प्रत्येक उपविभागाला स्वतःचं छोटं कुलूप मिळालं. थोरल्या कुलपाचा शेवटचा अवशेष आर्न्ड बर्गमन यांनी २०११ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या २.६.३९ या आवृत्तीतून काढला. इतका उशीर का झाला? ते कुलूप नेमकं कशाचं रक्षण करतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते काढायचं तर कोडची ओळ न् ओळ वाचून ‘इथे काय सांभाळलं जात होतं?’ हा प्रश्न विचारावा लागे, आणि मूळ लिहिणारा बहुतेक वेळा निघून गेलेला असे.

ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तसलीच आणखी कुलपं प्रत्येक प्रोसेसरच्या आत लपलेली होती, ती मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत. ती दिसत नव्हती, मोजता येत नव्हती आणि त्यांना नावं नव्हती. सर्वांत दाट होती ती मेमरीच्या व्यवस्थेत. हा लेख त्या कुलपांचा आहे.

ज्याची त्याची यादी

मेमरी देणं-घेणं हे कर्नलचं अखंड चालणारं काम आहे. नेटवर्कवरून पॅकेट आलं, फाइल उघडली, नवी प्रक्रिया सुरू झाली, की दर वेळी काही बाइट हवे असतात आणि काम संपलं की परत करायचे असतात. सगळे प्रोसेसर एकाच सामाईक यादीतून जागा घेऊ लागले, तर त्या यादीच्या कुलपापाशी रांग लागते. कुलूप मोकळं असलं तरी खर्च चुकत नाही. ज्या ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीच्या तुकड्यात) ते कुलूप राहतं, ती लाइन एका प्रोसेसरच्या कॅशमधून दुसऱ्याच्या कॅशमध्ये सतत ये-जा करत राहते. स्वतःच्या कॅशमधली गोष्ट वाचायला जिथे घड्याळाचे दोन-चार ठोके लागतात, तिथे दुसऱ्याच्या कॅशमधून आणायला शंभरावर ठोके लागू शकतात.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सापडला. १९८३ मध्ये इंटेल सोडून आलेल्या अभियंत्यांनी तिथे सीक्वेंट ही कंपनी काढली होती. एकेका यंत्रात डझनावारी प्रोसेसर बसवून अशी यंत्रं विकायची, हा त्यांचा धंदा. पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन या तिथल्या दोघांनी १९९३ च्या जानेवारीत यूझनिक्स परिषदेत एक निबंध मांडला. कल्पना साधी होती. मोठ्या किराणा दुकानात प्रत्येक गल्ल्यापाशी सुट्या पैशांचा वेगळा डबा असतो, दर गिऱ्हाइकामागे मालकाच्या तिजोरीकडे धावावं लागत नाही. तसं प्रत्येक प्रोसेसरपाशी मोकळ्या जागांची छोटी यादी ठेवायची. ती संपली की मधल्या सामाईक साठ्यातून एक गठ्ठा उचलायचा, फार भरली की गठ्ठा परत करायचा. बहुतेक मागण्या स्वतःच्याच यादीतून भागतात, त्यामुळे दुसऱ्या प्रोसेसरशी गाठच पडत नाही.

मग त्या यादीचं रक्षण कशाने करायचं? सीक्वेंटचं उत्तर होतं: कुलूप नकोच. यादी माझी एकट्याची आहे, दुसरा प्रोसेसर तिला हात लावत नाही. धोका फक्त माझ्याच प्रोसेसरवर मध्येच येणाऱ्या इंटरप्टचा, म्हणजे चालू काम थांबवणाऱ्या निरोपाचा. तेव्हा यादी हाताळताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवले की झालं.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविक यांनी ‘स्लॅब’ ही मेमरी वाटपाची पद्धत मांडली. एकाच प्रकारच्या वस्तूंसाठी आधीच कापून ठेवलेले तुकडे, हे तिचं सार. २००१ मध्ये बॉनविक आणि जोनाथन ॲडम्स यांनी तिला प्रोसेसरनिहाय साठ्यांची जोड दिली. मात्र एका बाबतीत त्यांनी सीक्वेंटपेक्षा वेगळी वाट धरली. सनच्या सोलॅरिस या प्रणालीमध्ये प्रत्येक प्रोसेसरच्या साठ्याला त्यांनी खरोखरचं, स्वतःचं कुलूप दिलं. त्या कुलपासाठी भांडायला सहसा कुणी येत नाही, त्यामुळे ते स्वस्त पडतं. आणि ते कशाचं कुलूप आहे हे कोडमध्ये लिहिलेलं असतं. लिनक्सने ही दुसरी वाट धरायला पुढची वीस वर्षं घेतली.

एक जागा, दोन मालक

स्लॅब लिनक्समध्ये आणली मार्क हेमेंट यांनी, १९९६-९७ च्या सुमारास. मानफ्रेड स्प्राउल यांनी २००० साली तिला प्रोसेसरनिहाय याद्या जोडल्या. रक्षणाची पद्धत सीक्वेंटचीच राहिली: इंटरप्ट बंद करा, यादी हाताळा, इंटरप्ट चालू करा.

हे रक्षण नसेल तर काय होतं, ते जवळून पाहायला हवं. मोकळ्या जागांची यादी बहुधा त्या जागांमध्येच राहते. प्रत्येक मोकळ्या जागेत पुढच्या मोकळ्या जागेचा पत्ता लिहिलेला असतो आणि प्रोसेसरपाशी फक्त पहिल्या जागेचा पत्ता असतो. जागा घ्यायच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या जागेचा पत्ता वाचायचा, समजा ती ‘क’. ‘क’मध्ये डोकावून पुढची जागा कोणती ते पाहायचं, समजा ‘ख’. मग यादीच्या डोक्यावर ‘ख’ लिहायचं आणि ‘क’ घेऊन निघायचं.

आता पहिल्या पायरीनंतर इंटरप्ट आला असं धरा. नेटवर्क कार्डाला पॅकेटसाठी जागा हवी आहे. इंटरप्टचा कोडही तीच यादी वाचतो. डोक्यावर अजून ‘क’च आहे; तो ‘क’ घेतो, ‘ख’ लिहितो आणि परत जातो. मूळ काम थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं. त्याच्या हातात ‘क’चा पत्ता आधीच आहे, म्हणून तेही ‘क’च घेतं. एकाच जागेचे दोन मालक झाले. एकजण तिथे पॅकेट लिहितो, दुसरा फाइलची माहिती. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. काही मिनिटांनी किंवा काही दिवसांनी कुठल्या तरी भलत्याच ठिकाणी यंत्र कोसळतं, आणि जिथे कोसळलं तिथल्या कोडचा काडीचाही दोष नसतो. तीन पायऱ्यांच्या मधल्या फटीत नेमका इंटरप्ट यावा लागतो, त्यामुळे चूक पुन्हा घडवून दाखवणंही कठीण.

२००२ मध्ये या धोक्याला दुसरं तोंड फुटलं. मोंटाविस्टा कंपनीत सुरू झालेलं आणि रॉबर्ट लव्ह यांनी पुढे नेलेलं काम २.५.४ या आवृत्तीत सामील झालं. तोवर कर्नलमध्ये काम करणारी प्रक्रिया स्वतःहून थांबेपर्यंत तिच्याकडून प्रोसेसर काढून घेतला जात नसे. आता तो मध्येच काढून घेता येऊ लागला. यालाच प्रीएम्प्शन म्हणतात. संगणक वापरणाऱ्याला त्याचा फायदा होता. माउस हलवला की पडद्यावरचा बाण लगेच हलायचा. पण ‘माझ्या प्रोसेसरची यादी’ या शब्दांतला ‘माझ्या’ आता डळमळीत झाला. एखादी प्रक्रिया शून्य क्रमांकाच्या प्रोसेसरवर असताना त्याच्या यादीचा पत्ता काढते, तेवढ्यात तिला थांबवलं जातं, आणि ती पुन्हा जागी होते ती तीन क्रमांकाच्या प्रोसेसरवर. तिच्या हातात मात्र शून्याच्याच यादीचा पत्ता असतो. ती त्या यादीत लिहू लागते, आणि त्याच वेळी शून्य क्रमांकाचा प्रोसेसर स्वतःही तिथे लिहीत असतो.

उपाय सोपा होता: यादी हाताळताना प्रीएम्प्शन बंद ठेवायचं. लव्ह यांच्या कोडमध्ये त्याची सोय होतीच. तसं करायला विसरलेल्यांना पकडण्यासाठी तपासणीही आली. प्रीएम्प्शन चालू असताना ‘मी कोणत्या प्रोसेसरवर आहे?’ असं विचारलं, की तपासणीसाठी बांधलेला कर्नल तक्रार नोंदवतो. पुढच्या काही वर्षांत कर्नलमध्ये इंटरप्ट आणि प्रीएम्प्शन बंद-चालू करणाऱ्या ओळींची दाटी झाली, आणि त्यातल्या एकाही ओळीत हे कशासाठी चाललं आहे ते लिहिलेलं नसे.

हजार प्रोसेसरचं यंत्र

स्लॅबच्या याद्यांचं ओझं सर्वांत आधी जाणवलं ते प्रचंड यंत्रांवर. सिलिकॉन ग्राफिक्सच्या अल्टिक्स यंत्रांमध्ये हजारच्या वर प्रोसेसर असत, आणि क्रिस्टोफ लॅमीटर तिथे लिनक्सवर काम करत होते. प्रोसेसर वाढले तशा याद्या वाढल्या; शिवाय यंत्राच्या दूरच्या भागातल्या मेमरीसाठी वेगळ्या रांगा. लॅमीटर यांच्या हिशेबाप्रमाणे हजार प्रोसेसरच्या यंत्रावर नुसत्या या रांगा सांभाळण्यातच कित्येक गिगाबाइट अडकून पडत. त्यांनी सगळं नव्याने लिहून काढलं. २००७ मध्ये २.६.२२ या आवृत्तीत आलेली त्यांची ‘स्लब’ ही पद्धत पुढच्याच आवृत्तीत मूळ निवड ठरली.

२०११ मध्ये लॅमीटर यांनी एक पाऊल पुढे टाकलं, आणि ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती आहे. त्यांनी नेहमीच्या वाटेवरची इंटरप्टबंदीच काढून टाकली. इंटरप्ट येऊ द्या, प्रक्रिया दुसऱ्या प्रोसेसरवर जाऊ द्या. तसं घडलं हे शेवटी कळलं म्हणजे पुरे. त्यासाठी प्रत्येक प्रोसेसरपाशी यादीच्या डोक्याशेजारी एक अनुक्रमांक ठेवला. सुरुवातीला तो त्या प्रोसेसरच्या क्रमांकाइतका असतो आणि यादीला हात लागला की ठरावीक टप्प्याने वाढतो. हा टप्पा म्हणजे प्रोसेसरच्या कमाल संख्येला पुरेल अशी, दोनचा घात असलेली संख्या, त्यामुळे दोन प्रोसेसरचे अनुक्रमांक कधीच सारखे येत नाहीत. जागा घेताना आधी अनुक्रमांक वाचायचा, मग यादीचं डोकं, मग पुढची जागा. शेवटी प्रोसेसरला एकच सूचना द्यायची: डोकं आणि अनुक्रमांक दोन्ही मी वाचले तसेच असतील तर दोन्ही बदल, नाही तर काहीच करू नकोस. मध्ये इंटरप्ट येऊन गेला असेल किंवा प्रोसेसरच बदलला असेल, तर अनुक्रमांक जुळत नाही आणि सगळं पहिल्यापासून करायचं. इंटेलच्या ६४ बिटी प्रोसेसरवर सोळा बाइट एका फटक्यात तपासून बदलणारी अशी सूचना आहे. इतर प्रोसेसरशी स्पर्धा नसल्यामुळे ती महागड्या बस-कुलपाशिवाय वापरता येते.

थोरलं कुलूप शेवटी निघालं त्याच २.६.३९ मध्ये ही वाटही आली. पण ती होती फक्त नेहमीच्या, झटपट कामासाठी. यादी रिकामी झाली, नवा स्लॅब, म्हणजे कापलेल्या तुकड्यांचा नवा गठ्ठा, आणायचा झाला, तर स्लब जुन्याच मार्गाने जाई: इंटरप्ट बंद करून.

वेळेचे पक्के लोक

ही बंदी कुणाला खुपत होती? ज्यांना वेळेची खात्री हवी होती त्यांना. कारखान्यातला यंत्रमानवाचा हात, ध्वनिमुद्रणाचा संच, मोबाइल टॉवरमागचं यंत्र, अशा ठिकाणी सरासरी वेग पुरत नाही. ठरलेल्या क्षणी उत्तर यावंच लागतं. एकदा चुकलं तरी नुकसान होतं. आणि इंटरप्ट बंद असताना तर बाहेरचा निरोपही प्रोसेसरपर्यंत पोचत नाही.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये हंगेरीचे इंगो मोल्नार यांनी यासाठी स्वतःचे बदल मांडायला सुरुवात केली. लवकरच जर्मनीचे थॉमस ग्लाइक्सनर या कामाचा कणा झाले. मूळ कर्नलच्या बाहेर सांभाळलेला हा संच ‘प्रीएम्प्ट आरटी’, थोडक्यात ‘आरटी’, म्हणून ओळखला गेला. त्याचा गाभा असा: कर्नलमधली बहुतेक फिरती कुलपं, म्हणजे वाट पाहणाऱ्याला प्रोसेसर अडवून ठेवायला लावणारी, झोपणारी करायची. वाट पाहणाऱ्याने प्रोसेसर अडवून न बसता बाजूला व्हायचं, आणि जास्त निकडीचं काम ताटकळत असेल तर कुलूप धरलेल्याला तात्पुरती तीच निकड द्यायची. इंटरप्टची कामंही सामान्य धाग्यांमध्ये हलवायची, म्हणजे त्यांनाही थांबवता येतं.

ही रचना मेमरीच्या कोडवर येऊन अडली. तिथला कोड आधी इंटरप्ट बंद करी आणि मग कुलूप मागे. आरटीमध्ये ते कुलूप झोपू शकतं, पण इंटरप्ट बंद असताना झोपायची मुभा नाही. मग इंटरप्ट बंद करणंच सोडून द्यावं? पण ते कोणत्या गोष्टीचं रक्षण करत होतं, हे कोण सांगणार? थोरल्या कुलपाच्या वेळचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. इंटरप्ट आणि प्रीएम्प्शन बंद करणं हे तत्त्वतः प्रत्येक प्रोसेसरच्या आतलं एकेक थोरलं कुलूपच आहे, हे ग्लाइक्सनर यांनी पुढे नोंदवून ठेवलं. त्यांनी दाखवलेले दोष तीन. रक्षणाची व्याप्ती कळत नाही. नियम मोडला तर यंत्राने तो पकडणं अवघड जातं. आणि आरटीला हवी तशी थांबवण्याची मोकळीक राहत नाही.

कुलपाला नाव मिळतं

यावरचा उपाय आरटीच्या संचात बरीच वर्षं वापरात होता. मूळ कर्नलमध्ये तो आला २ ऑगस्ट २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या ५.८ आवृत्तीत: ‘लोकल लॉक’. ग्लाइक्सनर यांच्यासह मोल्नार आणि सेबास्टियन सिव्हिओर यांचा त्यात हात होता. प्रोसेसरनिहाय माहितीच्या शेजारीच एक कुलूप घोषित करायचं आणि ती माहिती हाताळताना ते लावायचं. नेहमीच्या कर्नलमध्ये याचं रूपांतर जुन्याच प्रीएम्प्शनबंदीत किंवा इंटरप्टबंदीत होतं आणि मेमरीचा एक बाइटही वाढत नाही. आरटी कर्नलमध्ये मात्र ते खरोखरचं, झोपू शकणारं कुलूप बनतं. प्रक्रिया त्या प्रोसेसरवरच बांधून ठेवली जाते, पण तिला थांबवता येतं. आणि दोन्ही ठिकाणी कुलपाला नाव असतं. कुलपांचा क्रम तपासणारं ‘लॉकडेप’ हे साधन २००६ पासून कर्नलमध्ये होतं. नाव मिळाल्यामुळे या रक्षणाची तपासणीही आता त्याला करता येऊ लागली.

नाव दिल्याने काय फरक पडतो, ते पहिल्याच वापरांपैकी एकात दिसलं. मेमरीची नवी पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) जुनी-नवी अशा क्रमाच्या याद्यांत टाकण्याआधी प्रत्येक प्रोसेसर तेव्हा पंधरा-पंधरा पानांच्या जुडग्यांत गोळा करत असे. जुडगी वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी असत. नवी घडी बसवताना त्यांची सरळ दोन गटांत विभागणी झाली. बहुतेक जुडग्यांना फक्त प्रीएम्प्शनपासून जपायचं होतं. एक जुडगं मात्र इंटरप्टमधूनही हाताळलं जाई, त्याला वेगळं आणि जास्त कडक कुलूप हवं होतं. हा फरक आधीही होता, पण तो ओळींच्या अधेमध्ये विखुरलेला होता. तेव्हापासून दोन गट, दोन कुलपं. नवखा माणूसही वाचून सांगेल.

मग एकेक बुरूज सर झाला. आयर्लंडचे मेल गोरमन यांनी लिनक्सच्या मेमरी व्यवस्थेवर २००४ मध्ये ग्रंथ लिहिला होता. २०२१ मध्ये, ५.१४ आवृत्तीसाठी, त्यांनी प्रोसेसरनिहाय पानांच्या याद्या हाती घेतल्या. तिथली एकच इंटरप्टबंदी दोन वेगळ्या गोष्टी सांभाळत असल्याचं दिसलं: पानांची यादी आणि आकडेवारीचे मोजक. मोजकांना एवढ्या कडक पहाऱ्याची गरजच नव्हती. ते वेगळे काढले आणि यादीला लोकल लॉक मिळालं.

त्याच वर्षी सुसे कंपनीतले व्लास्तिमिल बाब्का यांनी स्लबचा सर्वांत किचकट भाग उलगडला: लॅमीटर यांच्या झटपट वाटेमागचा संथ मार्ग. इंटरप्टबंदीचा पसारा पायरीपायरीने आवळत त्यांनी ती नेमक्या गरजेच्या ओळींपुरती आणली आणि मग तिथे लोकल लॉक बसवलं. पण आरटीमध्ये नवी अडचण उभी राहिली. तिथे लोकल लॉक धरलेल्या प्रक्रियेला मध्येच थांबवता येतं, आणि ती अर्धवट कामात असताना दुसरी प्रक्रिया कुलूप न मागता झटपट वाटेने त्याच यादीत घुसू शकते. म्हणून आरटी कर्नलमध्ये ती देखणी वाट बंद ठेवावी लागली. तिथे दर वेळी कुलूप घ्यावं लागतं. वेग थोडा गेला, खात्री आली. हे काम २०२१ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या ५.१५ आवृत्तीत प्रसिद्ध झालं.

दुसऱ्याच्या यादीला हात

लोकल लॉकने प्रश्न सुटला, पण एक मर्यादा उरली. हे कुलूप त्या-त्या प्रोसेसरनेच लावायचं असतं. दुसऱ्या प्रोसेसरला त्या यादीत शिरता येत नाही. मेमरी कमी पडली की सगळ्या प्रोसेसरांच्या याद्यांत अडकलेली पानं गोळा करावी लागतात. त्यासाठी प्रत्येक प्रोसेसरवर एक काम पाठवलं जाई: तुझी यादी तूच रिकामी कर. दूरसंचारासारख्या क्षेत्रात काही प्रोसेसर मुद्दाम एकाच निकडीच्या कामासाठी राखून ठेवतात. तिथे हे काम पोचलं तर त्या निकडीच्या कामात व्यत्यय येतो. आणि राखीव प्रोसेसरने त्याला वेळच दिला नाही, तर यादी रिकामी होण्याची वाट पाहणारे ताटकळतात.

रेड हॅटचे निकोलस साएंझ ज्युलिएन यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि २०२२ मध्ये गोरमन यांनी त्यावर उत्तर दिलं. प्रत्येक यादीला खरं फिरतं कुलूप दिलं, म्हणजे दुसरा प्रोसेसर येऊन ती रिकामी करू शकतो. ६.० आवृत्तीत ही सोय आली. मग ६.२ मध्ये तिथली इंटरप्टबंदीही गेली. आता इंटरप्टचा कोड कुलूप मागून पाहतो. मिळालं तर ठीक, नाही तर मागच्या सामाईक साठ्याकडे जातो. बॉनविक यांनी सोलॅरिसमध्ये प्रत्येक प्रोसेसरच्या साठ्याला स्वतःचं कुलूप दिलं होतं. लिनक्सची पानांची व्यवस्थाही वेगळ्या रस्त्याने अखेर तिथेच आली.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाला जमलेल्या कर्नलकारांसमोर ग्लाइक्सनर यांनी टोरवाल्ड्स यांच्या हाती आरटीचा अखेरचा तुकडा सामील करून घेण्याची विनंती ठेवली, कागदावर छापून आणि सोनेरी वेष्टणात गुंडाळून. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या ६.१२ आवृत्तीत प्रीएम्प्ट आरटी मूळ कर्नलचा भाग झाला. अगदी शेवटी काम अडलं होतं ते संदेश छापणाऱ्या कोडपाशी, पण मेमरीतली बिननावी कुलपं मोकळी झाली नसती तर तिथवर पोचताच आलं नसतं. २००४ च्या ऑक्टोबरपासून मोजलं तर वीस वर्षं झाली होती.

काम अजून चालू आहे. २०२५ मधल्या ६.१५ आवृत्तीत लोकल लॉकचा एक नवा प्रकार आला: मिळालं तर घ्या, नाही तर न थांबता पुढे जा. कुठल्याही अवघड क्षणी मेमरी मागावी लागणाऱ्या कोडला त्याचा आधार झाला. त्याच वर्षीच्या ६.१८ मध्ये बाब्का यांनी स्लबला प्रोसेसरनिहाय साठ्यांचा नवा थर दिला, आणि त्याच्या रक्षणालाही हाच प्रकार वापरला.

या साऱ्या इतिहासाचा माझ्या लेखी निकाल एकच आहे. इंटरप्ट बंद करणारे सीक्वेंटचे किंवा लिनक्सचे अभियंते चुकले नव्हते. त्या काळच्या यंत्रांवर तोच सर्वांत जलद आणि बरोबर मार्ग होता. महागात पडलं ते कारण लिहून न ठेवणं. प्रत्येक बिननावी बंदीने पुढच्या माणसावर कर्ज चढवलं, आणि ते मोल्नार, ग्लाइक्सनर, सिव्हिओर, गोरमन, बाब्का अशांनी ओळीओळीने फेडलं. नाव मिळताच तेच रक्षण तपासता येऊ लागलं, बदलता आलं आणि गरज पडली तेव्हा काढूनही टाकता आलं.

पुण्यात, नाशकात, नागपुरात किंवा परदेशात बसून जी मराठी मुलं-मुली आज ड्रायव्हर, डेटाबेस किंवा सर्व्हर लिहितात, त्यांना माझी विनंती आहे. लिनक्सचा कोड सर्वांना खुला आहे. त्यात ‘एमएम’ नावाच्या फोल्डरात ‘स्लब’ ही फाइल आहे. तिच्या माथ्यावरची लांबलचक टिप्पणी एकदा शांतपणे वाचा: कोणतं कुलूप कशाचं रक्षण करतं आणि कोणत्या क्रमाने घ्यायचं, ते तिथे लिहून ठेवलेलं आहे. मग आपल्या कोडमधल्या प्रत्येक कुलपाशेजारी तशी एक ओळ लिहा.